गोल बोडीची मोरी

पळसटोल्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, माणसं जिलेबी खायला येतात, पाळण्यात बसायला येतात, पोरीबाळींच्या सोयरिकी जुळवायला येतात, आणि रात्रीच्या नाटकाला पुढची जागा मिळावी म्हणून दुपारपासूनच चटया टाकून ठेवतात. रेल्वेची शेड बघायला कोणी येत नाही. तरी गेल्या दिवाळीनंतरच्या मंडईत दुधराम कापगतेनं शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं जोडून त्यांच्यावर वाफेच्या काळातली इंजिनशेड मांडली, आणि जिलेबीवाल्याच्या तोंडचं गिऱ्हाईक पळवलं.

दुधरामचं बसथांब्याजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपांत तांब्याची तार भरता भरता त्याच्या बोटांना बारीक कामाची चटक लागली. छोट्या लाइनचं वेड मात्र जन्मापासूनचं. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी ती नॅरोगेज गाडी त्याला मिसरूड फुटेपर्यंत चालू होती, मग मोठे रूळ आले. त्याच्याही कितीतरी आधी, इंग्रजांच्या अमदानीत, पळसटोल्याला एक लहानशी शेड होती. जंगलातलं लाकूड ओढायला एखादं जादा इंजिन तिथं ठेवत. ती शेड मोडली तेव्हा आज गावात हयात असलेला एकही माणूस जन्मलेला नव्हता. विटा लोकांच्या घरांत गेल्या, लोखंड रेल्वेनं नेलं, आणि मागे उरलं ते एका वस्तीचं नाव, शेडटोली.

तर गेल्या वर्षी दुधरामनं सायकलच्या स्पोकचे रूळ केले, पत्र्याचं छप्पर केलं, इंजिनाच्या धुराड्यात उदबत्तीचा तुकडा खोचला. पोरं खूश, सरपंच खूश. शेवटी केशोराव आले. केशोराव म्हणजे शेडटोलीतले निवृत्त ड्रायव्हर, वय शहाऐंशी, उभी नोकरी छोट्या लाइनवर झालेली. नातवानं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट व्हरांड्यात आणून ठेवलं. म्हाताऱ्यानं बराच वेळ मांडणी न्याहाळली.

"सुंदर केलं गा, दुधराम," ते म्हणाले. "पन हे मा बापाची शेड नाई होय."

"काऊन, काका?"

"मा बाप सांगे, इंजन आत जाये तवा तोंड चांद्याकडं, आन बाहेर निंगे तवा तोंड गोंदियाकडं. तुयं इंजन तं उलट्या पायानं निंगते. भुतावानी."

लोक हसले. दुधरामही हसला, पण ते हसणं ओठांपर्यंतच होतं. केशोरावांचे वडील मंगरू पोरवयात त्या शेडीत कामाला होते, हे त्याला तेव्हाच कळलं. केशोराव पुढे हळूच म्हणाले, "मी या लाइनीवरच्या साऱ्या शेडी पायल्या. मा बाप जेथं राबला तेच तेवढी पायाची रायली. मले वाटलं, आज दिसन." मग नातवानं खुर्ची उचलली.

हे वाक्य दुधरामच्या काळजात कुसळासारखं रुतलं. मंडई संपली, मांडणी घरी आली, त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, तिच्यावर जुनं लुगडं टाकलं, पण कुसळ काही निघेना. त्याच रात्री त्यानं बायकोला सांगून टाकलं, की पुढच्या मंडईत खरी शेड मांडणार. रूळ जिथं होते तिथंच, तोंडं जिकडं होती तिकडंच. केशोकाका आहेत तोवर.

"आन दुकान कोन चालवन?" प्रेमिला म्हणाली. तिचा प्रश्न रास्त होता.

खऱ्या शेडीसाठी खरा नकाशा हवा. दुधराम गोंदियाला रेल्वेच्या एका कचेरीत गेला. तिथला बाबू सज्जन होता, त्यानं चहासुद्धा पाजला, आणि म्हणाला, "भैया, इतनी छोटी शेड, और वो भी सौ साल पुरानी? मुझे तो अपनी शादी का फोटो नहीं मिल रहा." नागपुरात जाऊन त्यानं छोट्या लाइनचं जुनं इंजिन डोळे भरून पाहिलं, त्याच्या चाकाला हात लावून पाया पडला, पण पळसटोल्याचा कागद काही तिथं नव्हता. मोजणीच्या नकाशात रेल्वेच्या जागेची हद्द होती आणि आत नुसता कोरा कागद. मग मोबाईलवर त्याला त्याच्यासारख्याच बह्याड, म्हणजे खुळ्या, लोकांचा एक गट सापडला. घरात रेल्वे मांडणारी माणसं जगात इतकी आहेत हे कळल्यावर प्रेमिलाला त्यांच्या बायकांची दया आली. त्या गटातल्या कोलकात्याच्या एका आजोबांनी दुसऱ्याच कुठल्या लहान शेडीचा आराखडा पाठवला. त्यावरून दुधरामला एक गोष्ट लख्ख कळली. अशा शेडीत दोन रूळ असत, राख पाडायचा खड्डा असे, पाण्याचा खांब असे, आणि इंजिनाचं तोंड फिरवायला एक गोल खड्डा असे. त्या खड्ड्यात मध्ये खुंट्यावर फिरणारा लोखंडी पूल, त्याला म्हणायचं टर्नटेबल. इंजिन पुलावर घ्यायचं, चार माणसांनी ढकलून अर्धा फेरा द्यायचा, की तोंड फिरलं.

म्हणजे काय काय असायला हवं ते समजलं. कुठं होतं ते समजेना. उन्हाळाभर दुधराम स्टेशनाच्या आसपास सळई खुपसत हिंडला. गावात बोलवा झाली की कापगत्याला गुप्तधनाचा सुगावा लागला आहे, आणि दोघा-तिघांनी तर आपला वाटा आधीच मागून ठेवला. सळईला लागले ते दगड आणि एकदा नळयोजनेचा पाइप. पाइपचं बिल दुधरामनं मुकाट्यानं भरलं.

पावसाळा गेला. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. मंडई महिन्यावर आली, आणि नेमकी तेव्हा गावच्या पाण्याच्या उंच टाकीवरची, टाकी भरली की मोटर बंद करणारी कळ बिघडली. ग्रामपंचायतीनं दुधरामला बोलावलं. तो टाकीवर चढला, कळ दुरुस्त केली, हात पुसले आणि सहज खाली पाहिलं.

स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला दुधरामच्या सासऱ्यांच्या, डोंगरवारांच्या, बांध्या होत्या. बांध्या म्हणजे धानाचे बांध घातलेले तुकडे. सगळीकडे धान अजून हिरवंगार होतं, आणि त्या हिरव्यात एक पिवळा पट्टा होता. तो मोठ्या लाइनीपासून फुटत होता, बांधांना न जुमानता तीन-चार बांध्यांतून सरळ चालला होता, मध्येच त्याचे दोन झाले होते, आणि एक आडवा पट्टा वाकून थेट त्यांच्या गोल बोडीपाशी, म्हणजे शेततळ्यापाशी, जाऊन थांबला होता.

 डोंगरवारांच्या त्या बांध्यांत काही ठिकाणी धान आधी पिकतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जमिनीवरून बघितलं की ते ठिगळांसारखं दिसतं आणि माणूस म्हणतो, असेल जमीन हलकी. वरून कोणी कधी पाहिलंच नव्हतं. खाली रुळाखालची खडी होती. तिथं माती पातळ, पाणी टिकत नाही, म्हणून धान लवकर पिकून पिवळं पडतं. गोंदिया झालं, नागपूर झालं, कोलकाता झालं, आणि नकाशा दर दिवाळीला सासऱ्याच्या शेतात उगवत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

त्यानं मोबाईलवर वीसेक फोटो काढले आणि टाकीवरच एकटा मोठमोठ्यानं हसला. मग त्याचं लक्ष पुन्हा गोल बोडीकडे गेलं आणि हसू आवरलं.

गोल बोडीचं प्रकरण नाजूक होतं. कोहळी जातीचा माणूस म्हणजे तलाव बांधणारा. या मुलखातले जुने तलाव आमच्या कोहळ्यांच्या पूर्वजांनी बांधले, आणि प्रत्येक घराला आपापल्या पूर्वजाच्या तलावाचा नाहीतर निदान बोडीचा अभिमान असतो. डोंगरवारांचा अभिमान गोल होता. दुधरामचे सासरे ईश्वरदास डोंगरवार यांच्या आजोबांनी, गोमाजींनी, विटांनी बांधलेली, परकारानं आखल्यासारखी गोल बोडी खोदली होती, अशी जिल्ह्यात दुसरी नाही, असं गावात सर्वांना पाठ होतं. नवा तांदूळ निघाला की पहिली मूठ तिच्या काठावर गोमाजींच्या नावानं ठेवत. दुधरामच्या लग्नात वरात आली तेव्हा ईश्वरदासांनी भुकेल्या वऱ्हाडाला जेवणाआधी बोडी दाखवायला नेलं होतं. दुधरामच्या मामांनी तो राग अजून सोडलेला नाही.

आणि आता जावयाला कळलं होतं की ती बोडी म्हणजे रेल्वेचा टर्नटेबलचा खड्डा आहे. शेड खरी मांडायची तर मंडईत साऱ्या गावासमोर सासऱ्याची अब्रू काढायची. नाही मांडायची, तर केशोकाका पुन्हा म्हणणार, हे मा बापाची शेड नाई. इकडे आड आणि तिकडे विहीर, मध्ये गोल बोडी.

त्यानं आधी प्रेमिलाला फोटो दाखवले. ती भाकरी थापत होती. तिनं फोटो पाहिले, तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा फोटो पाहिले.

"बाबाले सांगसान नका," ती म्हणाली. "या वयात त्यायले सोसनार नाई."

"मंग केशोकाकाले काय सांगू?"

"मले काय विचारता? मी काय रेल्वेमंत्री आहो?"

दुसऱ्या दिवशी दुधराम फोटो घेऊन केशोरावांकडे गेला. त्याला राहवलं नाही. म्हाताऱ्यानं मोबाईल डोळ्याला चिकटवून पिवळ्या रेघांवरून बोट फिरवलं. बोट जिथं रूळ फुटतात तिथं बरोबर थांबलं, आडव्या रेघेनं बोडीपर्यंत गेलं. त्यांचे डोळे भरून आले. दुधरामला वाटलं, झालं, काम फत्ते.

"मोरी कुठं आहे?" केशोराव म्हणाले.

"कोनती मोरी?"

"खड्ड्याची. आपल्या झाडीतला पाऊस! खड्डा भरला तं पूल फिरन का? पानी काहाडून द्याले मोरी रायते. मा बाप तेच काम करे गा. लहान होता, आंगानं बारीक होता, म्हणून साहेब त्याले पावसात मोरीत धाडे. आत राख आन चिखल अटकला का पोटावर सरपटत जाये आन हातानं काहाडे. एकडाव अंदरच अटकला होता. पाय धरून ओढला त्याले." केशोरावांनी मोबाईल परत दिला. "बाकी काई नाई दिसलं तरी चालन. मले ते मोरी दाखव."

दुधराम घरी आला तो तोंड पाडून. जेवताना त्यानं ही हकिकत प्रेमिलाला सांगितली. मंगरू पोटावर सरपटत जाई, इथपर्यंत आल्यावर तिनं त्याला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "मोहाच्या झाडाकडं आहे."

"काय?"

"मोरी." तिनं पाण्याचा गडवा खाली ठेवला. "उन्हाळ्यात आमी साऱ्या पोरी बोडीतला गार काहाडू. टोपल्या भरभरून शेतात टाकू. पन मोहाच्या झाडाखालच्या अंगाले बाबा हात लावू देत नव्हते. म्हणत, तेथला गार काहाडाचा नाई, आजाची आन आहे. मी एकडाव फावडं मारलं तं मले थापड देल्ली. जलमात एकच थापड देल्ली बाबानं, ते याच्यासाठी. मले आजवर समजलं नव्हतं का काऊन मारलं."

गाळ हे कोहळ्याच्या दृष्टीनं सोनं. बोडीतला गाळ काढून शेतात टाकायचा आणि एका जागेचा मात्र मुद्दाम ठेवायचा, याला काहीतरी कारण असणार. दुधराम बायकोकडे बघत राहिला. सबंध वर्ष तो ज्या नकाशासाठी वणवण फिरला, त्यातला अर्धा सासऱ्याच्या शेतात होता आणि उरलेला अर्धा रोज त्याला भाकरी वाढत होता.

"तं मंग बाबा जाणून आहेत," प्रेमिला सावकाश म्हणाली. थोडा वेळ विचार करून ती उठली. "चला. विचारू. मी येतो संगं. पन एक सांगतो, ते नाई म्हनतीन तं शेड मांडाची नाई. मांडसान तं मी माहेरी निंगून जाईन."

माहेर चार घरं टाकून पलीकडे होतं, पण धमकी खरी होती.

ईश्वरदास अंगणात बसून कापणीसाठी विळे पाजळत होते. जावई आलेला पाहून त्यांनी खाट पुढे सरकवली. दुधरामनं घसा खाकरला, धानाची चौकशी केली, पावसाची केली, विळ्यांची केली. शेवटी प्रेमिलानं त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि बापापुढे धरला. ईश्वरदासांनी पिवळ्या रेघा पाहिल्या. विळा घासायचा हात थांबला.  

"जवाईबुवा," ईश्वरदास म्हणाले, "गोल बोडीले तुडूम आहे का?"

तुडूम म्हणजे तलावातलं पाणी शेताला सोडायची खिडकी. दुधराम म्हणाला, "नाई, मामाजी."

"सलंग आहे? जादा पानी बाहेर जाले?"

"नाई."

"पार आहे? मातीची, पानी अडवाले?"

"नाई."

"मंग ते कोहळ्याच्या हातची कशी रायन?" ईश्वरदास म्हणाले आणि विळा पुन्हा घासू लागले. "मले काय समजत नाई? मी कोहळ्याचाच आहो. खड्डा रेल्वेचाच होय."

प्रेमिला म्हणाली, "बाबा! मंग इतके वर्स सांगतलं काऊन नाई?"

"कोनी विचारलंच नाई. लोकं म्हनत, गोमाजीची बोडी, गोमाजीनं खोदली. आजा कधी नाई म्हटला नाई. मंग मी कायले म्हनू?" त्यांनी विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली. "पन आजा मले खरं सांगून गेला. शेड मोडली तवा खड्डा तसाच होता. पानी पडे आन मोरीतून नाल्यात निंगून जाये. एका साली ढोरायले प्याले पानी नव्हतं. आजानं तलावातली कारी माती आनली आन नाल्याकडून मोरीत सरपटत शिरला. दगड, माती, दगड, माती, असं ठासत ठासत मांगं आला. पयल्या पावसात फुटलं. दुसऱ्या साली अखीन शिरला. अखीन फुटलं. तिसऱ्या साली पानी थांबलं ते आजपर्यंत थांबून आहे." मग त्यांनी दुधरामकडे रोखून पाहिलं. "खड्डा कोनीबी खोदते, जवाईबुवा. थांबवते कोन, ते पाहा."

दुधरामच्या मनावरचं मणाचं ओझं उतरलं, पण पूर्ण नाही. कारण ईश्वरदासांनी पुढे विचारलं, "पन तुमी मंडईत मांडसान. लोकं हासतीन. म्हनतीन, डोंगरवार इतके वर्स दुसऱ्याची बोडी आपली म्हणून दाखवत होते. नाई का?"

 खोटं बोलावं असं दुधरामला वाटेना. त्यानं नुसती मंगरूची गोष्ट सांगितली. बारीक पोरगा, पाऊस, राखेचा चिखल, पोटावर सरपटणं, आत अडकणं, पाय धरून ओढणं. आणि केशोकाकांना मरायच्या आधी फक्त ती मोरी पाहायची आहे, हे सांगितलं.

ईश्वरदासांचे हात पुन्हा थांबले.

"मंगरू त्याच मोरीत शिरे?"

"होय, मामाजी."

"पानी काहाडाले."

"होय."

"आन मा आजा पानी थांबवाले." म्हाताऱ्यानं विळा बाजूला ठेवला. "एकच मोरी. दोघंबी पोटावर." ते उठले, चपला घातल्या. "चला, दाखवतो कोठं निंगते ते. नाल्याकडचं तोंड अजून आहे, झुडपात. पन एक आयका. मोरी दाखवसान तं बंद केलेलीबी दाखवाची."

"दाखवीन," दुधराम म्हणाला.

पुढचे दिवस दुधरामच्या दुकानात चार मोटरी जळून पडल्या होत्या आणि गिऱ्हाईकं शिव्या घालत होती. तो घरात रूळ वाकवत होता. पिवळ्या रेघा मोजून त्यानं स्पोक बसवले, दोन रुळांवर शेड उभी केली, राखेच्या खड्ड्यात खरी राख टाकली. गोल खड्ड्यासाठी हवा तसा गोल पत्रा काही मिळेना. शेवटी त्यानं प्रेमिलाच्या दुधाच्या गंजाचा, म्हणजे पातेल्याचा, बुडाकडचा भाग कापून घेतला. तो गंज तिला लग्नात माहेरून आलेला होता. प्रेमिलानं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच मोहाचं झाड बनवून दिलं, गंजाच्या काठाला, बरोबर त्या जागी. गंजाला भोक पाडून दुधरामनं पेनाची रिकामी कांडी बसवली आणि बाकाखालून नाल्याकडे काढली. नाला म्हणजे एक वाटी.

मंडईच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गोल बोडीची खबर गावभर झालीच होती. असल्या खबरीला काही दवंडी लागत नाही. अर्धे लोक शेड बघायला आले होते आणि अर्धे ईश्वरदासांचं तोंड बघायला. ईश्वरदास धुतलेलं धोतर, टोपी घालून, हातात पाण्याचा गडवा घेऊन खांबाशी उभे होते. 

केशोरावांची खुर्ची आली. म्हाताऱ्यानं आधी रूळ पाहिले, शेड पाहिली, गोल खड्ड्यावरचा पूल पाहिला.  मग केशोराव बाकाच्या कडेला वाकले आणि चाचपत चाचपत पेनाच्या कांडीचं तोंड शोधून काढलं. आपली करंगळी त्यांनी त्या भोकाला लावली. आत जाण्याइतकं ते भोक मोठं नव्हतं. करंगळी तिथंच टेकवून ते बसून राहिले.

"एथून," ते म्हणाले. "एथून शिरे मा बाप."

 दुधरामनं मान फिरवली, कारण त्याला रडू आलं होतं आणि गावात मोटरवाल्यानं रडायची रीत नाही.

मग केशोरावांनी डोळे पुसले आणि कामाला लागले. इंजिन बोटानं ढकलत शेडीत नेलं, तोंड चांद्याकडे. ते बाहेर काढणार तेवढ्यात ईश्वरदास पुढे झाले. "थांब गा, केशो," म्हणाले. "आता मायी पारी."

त्यांनी गडवा तिरका करून गोल खड्ड्यात पाणी ओतलं. पाणी पुलाखालून फिरलं आणि कांडीतून सुळकन वाटीत उतरलं. "पायलं? हे रेल्वेचं काम," ते लोकांना म्हणाले. मग खिशातून काळ्या मातीचा ओला गोळा काढला. तो खऱ्या बोडीतलाच होता. चिमूटभर माती त्यांनी अंगठ्यानं भोकात ठासली, पुन्हा ठासली, आणि पुन्हा पाणी ओतलं. पाणी चढत गेलं. पूल बुडाला, खड्डा काठोकाठ भरला, आणि गंजातल्या पाण्यात प्रेमिलाच्या मोहाच्या झाडाची सावली दिसू लागली. खाली वाटीत थेंबसुद्धा पडला नाही.

"आन हे मा आजाचं काम," ईश्वरदास म्हणाले.

कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. जे तोंड बघायला आले होते त्यांनी जरा जास्तच वाजवली. दुधराम आपल्या बुडालेल्या टर्नटेबलकडे बघत होता. रंग उतरणार, लोखंड गंजणार, हे त्याला दिसत होतं, आणि तरी त्याला इतकं बरं वाटत होतं की त्यानं प्रेमिलाचा हात चारचौघांत धरला. तिनं तो झटकला, पण लगेच नाही.

टाळ्या थांबल्या, तसा केशोरावांचा आवाज आला.

"ते सारं बरोबर आहे, ईश्वरदास. पन मायं इंजन अंदर आहे ना. ते बाहेर कसं निंगन आता?"

ईश्वरदासांनी भरलेल्या बोडीकडे पाहिलं. गोमाजींनी तीन पावसाळे घालवून ते भोक बंद केलं होतं आणि तेव्हापासून डोंगरवारांच्या घरात कोणी तिकडे फावडं फिरकू दिलं नव्हतं. पोटच्या पोरीला त्यापायी थापड बसली होती. म्हाताऱ्यानं प्रेमिलाकडे पाहिलं. मग बाही वर केली, पाण्यात बोट घातलं, आणि भोकातली माती काढून घेतली.

पाणी भसाभसा निघून गेलं. वाटी भरून वाहिली आणि पुढच्या पोरांचे पाय भिजले. पूल वर आला. केशोरावांनी इंजिन ओल्या पुलावर घेतलं, ईश्वरदासांनी एका टोकाला बोट लावलं, केशोरावांनी दुसऱ्या, आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून अर्धा फेरा दिला.

इंजिन शेडीतून बाहेर निघालं. तोंड गोंदियाकडे होतं.